दोन बोटं दुरून

माझ्या आत्यानं मशीनला कार्ड टेकवलं. टूं वाजलं, हिरवा दिवा लागला, नळ सुरू झाला. वीस लिटरची कॅन भरली. आत्यानं ती कमरेवर घेतली आणि बाजूला झाली. तिच्यामागे वहिनीसाहेब उभ्या होत्या. पाणी समितीचे अध्यक्ष दादासाहेब, त्यांच्या सूनबाई. त्यांनी कार्ड काढलं नाही. पिशवीतून पितळी लोटा काढला, घरून भरून आणलेला. मशीनवर जिथं कार्ड टेकवतात त्या तळहाताएवढ्या काळ्या पट्टीवर तो सावकाश रिकामा केला. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"फडकं दे."

मी दिलं नाही. मी स्वतःच पुसलं.

नीट पुसलं, कोपऱ्याकोपऱ्यातून. मशीनमध्ये पाणी जायला नको म्हणून पुसते आहे, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. रांगेत पंधरा-वीस बाया होत्या. रांग एक पाऊल पुढे सरकली. आत्या कॅन घेऊन चार पावलांवर उभी होती. तिनं पाहिलं. तिनं पाहिलं हे मीही पाहिलं. मग मी फडकं पिळलं आणि तारेवर वाळत घातलं.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कोणाला वाटेल, बिचारीवर किती अन्याय झाला. माझी कीव करू नका. फडकं माझ्या हातात होतं.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात, अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना आत. जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नवा पाहुणा पहिला घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. आमची तोंडं जन्मापासून सरावलेली. गावात पाय सुजलेली माणसं बरीच. ज्याला सही करता येत नाही त्यालाही किडनी हा शब्द माहीत.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यांची नावं रोज पेपरात यायची, वाईट कारणासाठी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. त्यामुळे पुढारी यायचे, संस्थावाले यायचे, फोटो काढायचे आणि काही ना काही देऊन जायचे. एका गावाला शिलाई मशिनी मिळाल्या, एका गावाला शेळ्या. आमच्या गावाला पाणी गोडं करायचा प्लांट मिळाला. ग्रामपंचायतीच्या शेजारी पत्र्याची खोली, आत टाक्या, बाहेर नळ, आणि नळाच्या वर ते कार्डाचं मशीन. प्रत्येक घराला एक कार्ड. कार्ड दाखवलं की पाणी सुरू, परत दाखवलं की बंद. कोणी कोणाला वाढायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. उद्घाटनाला आलेला साहेब म्हणाला होता, मशीनला सगळे सारखे. आमच्या वस्तीनं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

आमची वस्ती म्हणजे भीमनगर. गावातली म्हातारी माणसं अजून तिचं जुनं नाव घेतात.

ऑपरेटर म्हणून मला घेतलं, कारण अकोल्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली गावात मी एकटीच. तो कोर्स आत्यानं करवला. मी चार वर्षांची असताना आई गेली. बापानं दुसरं लग्न केलं. आत्याला नवऱ्यानं टाकलेलं, मूलबाळ नाही, बापाच्या घरासमोर तिची एक खोली. तिनं मला उचललं. लोकांच्या शेतात निंदण करून, कापूस वेचून शिकवलं. परीक्षेच्या दिवशी एसटी चुकू नये म्हणून फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत यायची, आणि तिथूनच कामाला जायची. मला नोकरी लागली तशी बापाला माझी आठवण झाली. त्याच्या घराला स्लॅब होता, पंखा होता. मी तिकडे राहायला गेले. मधे फक्त एक गल्ली, असं म्हणत गेले.

मशीन बसवायला आकोटचे रशीदभाई आले होते. पन्नाशीचा माणूस, दाढी मेंदीनं लाल, हातात कायम टेस्टर. त्यांनी दोन दिवस मला शिकवलं. कार्डाच्या आत केसाएवढ्या बारीक तारेचं वेटोळं असतं, ते मशीनजवळ आलं की मशीन त्याला ओळखतं, हे त्यांनीच सांगितलं. कार्ड पट्टीला न लावता थोडं वर धरून दाखवलं. टूं वाजलं.

"देख बेटी, दो उंगली दूर से भी लेती है. लेकिन लोगोंको टेकवायलाच लाव. हाथ हिला तो रीडिंग गडबड होते. टेकवलं की झंझट नाही."

त्यातलं पहिलं वाक्य मी ठेवलं आणि दुसरं टाकून दिलं.

लोट्याच्या त्या प्रकारानंतर संध्याकाळी मी आत्याकडे गेले. तिनं शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. म्हणजे मग मला रडता आलं असतं. ती म्हणाली, "चहा घेतं का वं?" मी घेतला. फडक्याचा विषयही तिनं काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीसाहेबांनी परत लोटा आणला. तिसऱ्या दिवशी आणखी दोन घरच्या बायांनी आणला. वस्तीत कोणी भडकलं तर भांडण होईल, भांडण झालं तर प्लांट बंद होईल, प्लांट बंद झाला तर माझी नोकरी जाईल. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी वस्तीत घरोघर फिरले. आपल्याच बायांना सांगितलं, "कार्ड टेकवू नका. दोन बोटं दूर धरा. टेकवलं तं मशीन खराब होते."

शेवंताकाकू, आमच्या गल्लीतली तोंडाळ बाई, तिनं विचारलं, "मंग त्या गावातल्या बाया काहून टेकवते?"

"त्यायचे कार्ड येगळे हायेत," मी म्हणाले.

सगळी कार्डं एकाच खोक्यातून आली होती. ते खोकं मी माझ्या हातानं फोडलं होतं.

तिला पटलं. मी शिकलेली होते, मशीन मला कळत होतं, आणि मी त्यांचीच पोरगी होते. मी का खोटं बोलेन?

वस्तीतल्या बाया चार दिवसांत तरबेज झाल्या. हात लांब करून, अंग मागे घेऊन, तापल्या तव्यावर भाकर टाकावी तसं कार्ड धरायच्या. टूं वाजलं की चटकन मागे. वहिनीसाहेबांनी दोन दिवस बाजूला उभं राहून नीट पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून लोटा आणला नाही. दादासाहेब स्वतः प्लांटवर आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पोट्टी हुशार हाये. बिनाभांडणाचं निभावलं." पंधरा ऑगस्टला मला शाल-नारळ दिला. आत्या मागच्या रांगेत बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. मी ती शाल थंडीत मिरवली, हे सांगताना आज माझी मान वर होत नाही.

वर्ष असंच गेलं. एक दिवस वस्तीतली सात-आठ वर्षांची पोरगी एकटीच बाटली घेऊन आली. टाचा उंच करून तिनं हात लांब केला आणि कार्ड दोन बोटं दूर धरलं. तिच्या मागून गावातली तेवढीच पोरगी आली आणि तिनं कार्ड पट्टीवर थाडकन आपटलं. आमच्या पोरीला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. ती आईचं बघून शिकली आणि आई माझं ऐकून. मी वहीत डोकं घातलं आणि टाकीचं माप लिहीत बसले.

त्या हिवाळ्यात कापूस वेचायच्या दिवसांत आत्याचा उजवा हात थरथर कापायला लागला. पाय सुजायला लागले. दर्यापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, गोडंच पाणी प्या, खाऱ्या पाण्याचा थेंब नको. मी म्हणाले, प्लांटच माझ्या हातात आहे, काळजी कशाची!

एका सकाळी ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. तिनं हात लांब केला, कार्ड दोन बोटं दूर धरलं, शिकवलं होतं तसं. हात थरथरला. टूं वाजलं, पाणी सुरू झालं. हात परत जवळ गेला, टूं वाजलं, पाणी बंद. परत सुरू. परत बंद. कॅनच्या बुडाशी तांब्याभर पाणी. मागून कोणीतरी म्हणालं, "नळासंग खेळून रायली का वं म्हातारे?" रांग हसली. गावातल्या बाया हसल्या आणि आमच्याही हसल्या.

मी उठले. तिचं मनगट धरलं. टेकवलं असतं तर कार्ड पट्टीवर पडून राहिलं असतं आणि काम झालं असतं. मला ते माहीत होतं. रशीदभाईंनी सांगितलेलं दुसरं वाक्य त्या क्षणी माझ्या कानात होतं. आणि मी तिचा हात मागे ओढला. पट्टीपासून दोन बोटं लांब, हवेत, घट्ट धरून ठेवला. कारण मागे वहिनीसाहेब उभ्या होत्या.

आत्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. कॅन भरली. ती गेली.

त्यानंतर ती सकाळच्या रांगेत दिसली नाही. प्लांट दिवसभर चालू असायचा, मी फक्त सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "दुपारी जातो मी. गर्दी नसते." तिच्या खोलीत कोपऱ्यात कॅन दिसायची, वर ताटली झाकलेली. मी झाकण कधी उचललं नाही. एक गल्ली ओलांडून तिच्यासाठी एक कॅन नेऊन ठेवावी, एवढंही मला सुचलं नाही. मी ऑपरेटर होते ना. कॅन उचलताना दिसणं मला कमीपणाचं वाटायचं.

सात महिन्यांनी ती चुलीपाशी पडली. श्वास लागला होता, तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं पहिलं विचारलं, "पाणी कोणतं पिता?"

"प्लांटचं," आत्या म्हणाली. मीही मान डोलावली, अभिमानानं.

कपडे आणायला मी गावी परतले. तिच्यासाठी घरचं पाणी न्यावं म्हणून कॅनवरची ताटली काढली, पेल्यात ओतलं. उन्हातून आले होते म्हणून आधी स्वतः एक घोट घेतला.

खारट. हापशीचं पाणी. प्लांटच्या कॅनमध्ये हापशीचं पाणी भरून, वर ताटली झाकून ठेवलेली.

मी तशीच प्लांटवर पळत गेले. मशीनमध्ये प्रत्येक कार्डाची यादी असते, कोणत्या दिवशी किती पाणी घेतलं. ती यादी दर महिन्याला मीच काढून संस्थेला पाठवायची. एकदाही वाचली नव्हती. आत्याच्या कार्डासमोर शेवटची तारीख होती, मी तिचं मनगट मागे ओढलं त्या दिवसाची. त्यानंतर सात महिने काहीच नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा ती जागी होती. मी तिच्या पायाशी बसले.

"काहून वं आत्या?"

कशाबद्दल विचारते आहे, हे तिला लगेच कळलं. 

"हात कापते ना वं माहा. एखांद्या दिवशी लागला असता मशीनले. मंग तुले फडकं घ्या लागलं असतं."

रागानं म्हणाली नाही. चहात साखर कमी पडली हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा बोलली, "तुह्या हातात थे फडकं पाहवत नाही मले."

मी उठून वऱ्हांड्यात गेले. नळाखाली हात धुतले, परत परत. काय धुतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. वहिनीसाहेबांनी एक लोटा ओतला होता. वस्तीला जवळजवळ दोन वर्षं, रोज, दोन बोटं दूर उभं केलं ते मी. त्यांना लोटा तरी उचलावा लागला. माझं काम नुसत्या जिभेनं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाला दवाखान्यात बसवून मी पहिल्या गाडीनं गावी आले. प्लांटवर रांग लागलेली. तारेवरचं फडकं काढलं आणि बाजूच्या उकिरड्यात टाकलं. मग आत्याचं कार्ड काढलं, पट्टीवर ठेवलं, वर माझा पंजा ठेवला आणि दाबलं. टूं वाजलं. पाणी सुरू झालं. कॅन भरेपर्यंत मी हात काढला नाही.

"टेकवा," मी म्हणाले. "सगळ्याजणी टेकवा. मीनं खोटं सांगतलं होतं."

शेवंताकाकू पुढे होती. "मशीन खराब होईन ना?"

"नाई होत. कधीच होत नव्हतं. कार्डं सगळी एकाच खोक्यातली हायेत."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा बदलला.

"म्हंजे तूनं आमाले येडं बनवलं?"

"हो."

"कोनासाठी?"

रांगेत मागे कोण उभं आहे ते तिनं वळून बघितलं, आणि तिला उत्तर मिळालं. तिनं कार्ड पट्टीवर आपटलं. पाणी भरलं. जाताना माझ्या पायाशी थुंकली. ते बरोबरच होतं. तिच्यामागून आमच्या एकेक बाईनं कार्ड टेकवलं. दोघीतिघींचे हात सवयीनं दूरच थांबले, मग पुढे गेले. एकीही माझ्याशी बोलली नाही.

वहिनीसाहेबांची पाळी आली. त्या तारेकडे बघत होत्या.

"फडकं कुठी हाये?"

"नाई."

"मंग कायनं पुसू?"

"पुसाचं काही नाई. कार्ड लावाचं असन तं लावा वहिनीसाहेब, नाईतं बाजूले व्हा. मागं रांग हाये."

माझा आवाज फाटला. मोठी शूर नव्हते मी. वहिनीसाहेब कॅन तशीच रिकामी घेऊन निघून गेल्या. तासाभरात दादासाहेबांचं बोलावणं आलं.

ते चिडले नाहीत. चहा मागवला. माझ्यासाठी कपात आला, त्यांच्या घरच्याच कपात, हे त्यांनी मला दिसू दिलं. म्हणाले, "कायले एवढं मनावर घेतं? तुमच्या वस्तीतच दुसरं मशीन बसवून देतो. तुमच्या लोकायची सोय होईन. ऑपरेटर तूच."

दादासाहेबांचा आवाज मऊ होता. वस्तीत मशीन आलं असतं तर म्हाताऱ्यांचं चालणं वाचलं असतं, हेही खरं होतं. वर्षापूर्वी मी आनंदानं हो म्हटलं असतं, वर त्यांच्या पाया पडले असते.

"बसवा दादासाहेब," मी म्हणाले. "पन थे तुमच्या दारात बसवा. आमी हेच वापरू."

त्यांनी कप खाली ठेवला. "उद्यापासून येऊ नको."

मी गेले नाही. पण वस्तीतल्या बाया रोज गेल्या आणि कार्ड टेकवत राहिल्या. ते त्यांनी केलं, त्याचं श्रेय मी घेत नाही.

आत्या त्यानंतर वर्षभरही जगली नाही. आठवड्यातून दोनदा अकोला, सुई, डायलिसिसचं मशीन, परत. मी सोबत असायची. तिनं मला कधी माफ केलं नाही, कारण तिला वाटायचं माफ करण्यासारखं काही झालंच नाही. ते मला जास्त लागायचं. ती गेल्यावर मी त्या तरुण डॉक्टरला विचारलं, हे पाण्यामुळं झालं का? तो म्हणाला, असं लिहून देता येणार नाही. मग मी लिहून देते. सात महिने ती खारं पाणी प्यायली आणि ते माझ्यामुळे प्यायली. कोणाला पुरावा हवा असेल तर ही माझी सही समजा.

रशीदभाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांनी हातातला टेस्टर खाली ठेवला. मग म्हणाले, "मैंने दो बातें बताई थी बेटी." मी म्हटलं, हो, माहीत आहे. पुढे त्यांनीच मला त्यांच्यासोबत कामाला घेतलं. आता मी पातूर, चांदूर बाजार अशा तालुक्यांतल्या गावांत मशीन बसलं की ऑपरेटर पोरींना शिकवायला जाते. अमरावतीला आमच्या ऑफिसचं दार कार्डानं उघडतं. दुकानात पैसे द्यायला लोक फोन नुसता मशीनच्या वर धरतात आणि काम होतं. हात लावायचीही गरज नाही म्हणून सगळ्यांना कौतुक. मी माझं कार्ड दाबूनच लावते. मागचा माणूस वैतागतो, वैतागू दे.

मशीन दोन बोटं दुरून कार्ड घेतं. ते खरं आहे, पण मी ते एकाही पोरीला शिकवत नाही. शिकवते ते एवढंच, की प्रत्येक हाताचं कार्ड पट्टीवर टेकलं पाहिजे. गावात पहिलं कार्ड मी वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा हात धरून लावते आणि तो हात पट्टीवर दाबून ठेवते, गावातली सगळी माणसं बघेपर्यंत.

मग एखादी पोरगी विचारतेच, "ताई, पट्टी पुसाले फडकं कुठी ठेवू?"

मी सांगते, ठेवायचं नाही. ओली झाली तर वाऱ्यानं वाळेल. आणि कोणी फडकं मागितलं, मग ते कोणीही असो, तर नळ बंद कर आणि मला फोन लाव. मी येते.